प्याला, मडके आणि कायदा

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका रविवारी आम्ही दारूच्या व्यसनावर प्रवचन केले. सातपुड्याच्या पायथ्याशी त्या दिवसांत मोहाची फुले गळू लागलेली असतात. पहाटे टोपल्या घेऊन बायकामुले झाडाखाली वेचताना दिसतात आणि त्या फुलांचा गोडसर, जड वास मंदिराच्या दारापर्यंत येतो. प्रवचन नेहमीच्या वळणाचे होते. व्यसनाने संसार कसा मोडतो, मुलांच्या तोंडचा घास कसा जातो, हे सारे त्यात होते आणि ते खोटे नव्हते. मिस्सा संपल्यावर एक वृद्धा वस्त्रागाराच्या दाराशी थांबली. पूजापात्र पुसून ठेवत असलेल्या आमच्या हाताकडे पाहत ती म्हणाली, "फादर, आमचं मडकं पोलीस फोडतो. तुमच्या पेल्यातला रस कोण काढतो? त्याले कोणी धरत नाही का?"

आम्ही हसून म्हटले, "आजी, त्याला सरकारची परवानगी असते."

"मंग आमाले का नाही देत?" एवढेच विचारून ती निघून गेली.

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गात मद्यपानाच्या पापाविषयी आम्ही पुष्कळ शिकलो होतो. पण मद्य कोणी करावे, कोणी करू नये आणि ते कोण ठरवतो, हा प्रश्न तेथे आला नव्हता. उत्तर शोधण्यासाठी आम्ही तीन पुस्तके पुन्हा उघडली. पहिले मराठीतील सर्वांत गाजलेले दारूविषयक नाटक, दुसरे दारूबंदीचा अधिनियम आणि तिसरे आमच्याच परिसराचा एक इतिहासग्रंथ. या तिन्ही ग्रंथांत दारू आहे. परंतु आजीचे मडके कोणत्या ग्रंथात किती दिसते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत परीक्षण लिहिले आहे.

गडकऱ्यांचा प्याला

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे रंगभूमीवर आणले. त्याआधी जेमतेम महिनाभर, २३ जानेवारीला, नाटककाराचे सावनेर येथे निधन झाले होते. नाटकातील पदेही त्यांच्या हातून लिहून झाली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. बालगंधर्वांनी साकारलेली सिंधू मराठी घराघरांत पोहोचली आणि दारूविरुद्ध बोलताना सुधाकर-सिंधूचे नाव घेण्याची रीत पडून गेली. आमच्या प्रवचनातही ते नाव आले होते.

या नाटकाचे मोठेपण आम्ही मानतो. सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. त्याचे पतन चवीच्या मोहातून होत नाही, तर दुखावलेल्या अभिमानातून होते. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि त्या जखमेवर तळीराम पहिला प्याला ठेवतो. व्यसनाचे मूळ अहंकारात असते, हे गडकऱ्यांनी ज्या नेमकेपणाने ओळखले, तेवढ्या नेमकेपणाने ते आमच्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही मांडलेले नव्हते. तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' हा तर सुशिक्षितांच्या ढोंगावरचा अजूनही न बोथटलेला उपहास आहे.

तथापि आजीचा प्रश्न मनात ठेवून नाटक वाचले, म्हणजे एक मोठी उणीव जाणवते. या नाटकातील प्याल्याला जन्मच नाही. तो भरलेलाच रंगमंचावर येतो. ती दारू कोणी गाळली, कोणी विकली, तिच्यावरील कर कोणाच्या तिजोरीत गेला, हे नाटक विचारत नाही. नायक वकील आहे, पण दारूच्या कायद्याचा एक शब्दही त्याच्या तोंडी नाही. दारू म्हणजे एका माणसाच्या आत्म्यातील लढाई, असे नाटक मानते. ही लढाई खरी आहे. मात्र तिच्या मागे आणखी एक लढाई चालू होती, आणि तिचे रणांगण गडकऱ्यांच्या जन्मगावापासून, नवसारीपासून, फार दूर नव्हते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पहिला प्याला ओठांना लागला, की परतीची वाट बंद, अशी या नाटकाची धारणा आहे. सिंधू जाते, मूल जाते, सुधाकर विष घेतो. शोकांतिकेला हे शोभते. परंतु ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येकाच्या ओठांना प्याला लागलेला होता, तो समाज नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर अवघ्या साडेतीन वर्षांनी गावोगाव परत फिरला. त्याविषयी पुढे लिहीत आहोत. आधी कायदा पाहू.

कायद्याचे पुस्तक

अधिनियम हाही वाचायचा ग्रंथ असतो. त्यालाही भाषा असते, नायक-खलनायक असतात आणि त्यातही काही गोष्टी न सांगता सोडलेल्या असतात. मुंबई इलाख्यात या ग्रंथाचा पहिला मोठा खंड म्हणजे १८७८ चा आबकारी कायदा. त्याआधी डोंगराळ भागात मोहाची दारू घरी किंवा गावातच गाळली जाई. देवाला धार घालणे, सोयरिकीचे बोलणे, जन्म, मृत्यू, होळी या प्रसंगी ती लागे. या कायद्याने स्थानिक भट्ट्या बंद करून गाळप मोठ्या मध्यवर्ती कारखान्यांकडे नेले आणि विक्रीचा मक्ता अधिक बोली लावणाऱ्याला दिला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये तर खुद्द मोहाच्या फुलांवर बंधन घालणारा वेगळा कायदा झाला. लोकांनी दारू सोडावी हा या कायद्यांचा हेतू नव्हता. लोकांनी ती विकत घ्यावी, हा होता. मडके घरातून गेले आणि त्याच्या जागी दुकान आले. दुकानाबरोबर उधारी आली आणि उधारीबरोबर जमीन गेली.

दुसरा खंड स्वतंत्र भारताचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले. त्याच राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठव्या नोंदीने मद्याची निर्मिती, बाळगणे, वाहतूक व विक्री हे विषय राज्यांकडे दिले आणि एक्कावन्नाव्या नोंदीने त्यावर उत्पादनशुल्क घेण्याचा अधिकारही राज्यांनाच दिला. एका हाताने थांबवायचे आणि दुसऱ्या हाताने मोजून घ्यायचे, ही ओढाताण म्हणजे या ग्रंथाचे खरे कथानक होय.

१९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. त्यातील 'मद्य' या शब्दाची व्याख्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव पदार्थ तीत येतात. रस नुसता आंबवला की तो आंबवून पुढे वाफेवर गाळला, असा भेद ही व्याख्या करीत नाही. बाराव्या कलमाने मद्याच्या निर्मितीस मनाई आहे. परवान्याखालील निर्मिती तेवढी सुटते. वृत्तपत्रांतील गुन्हेवृत्तांत ज्याचा रोज उल्लेख असतो ते पासष्टावे कलम शिक्षेचे आहे. निर्मितीच्या उद्देशाने साहित्य, भट्टी वा भांडी बाळगणे हाही त्याखाली गुन्हा ठरतो. शिवाय अशा वस्तू जवळ सापडल्या आणि त्यांचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा गृहीत धरण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. शिकलेल्या माणसाला खुलासा करता येतो, त्याला वकील मिळतो. पाड्यावरच्या बाईकडे खुलाशाची भाषाच नसते.

या अधिनियमाला आव्हान देणारा सर्वांत प्रसिद्ध खटला मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांचा. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी मद्य, ओ-द-कोलोन इत्यादी जवळ बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क त्यांनी मागितला होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरवला. औषधी व प्रसाधनाच्या पदार्थांवरील बंधने आणि आणखी काही तरतुदी मात्र रद्द केल्या. लष्करी भोजनगृहांना दिलेली सवलत न्यायालयाने योग्य मानली. सुगंधी पाण्याची बाटली सुटली, सैनिकाचा पेला सुटला. मोहाच्या मडक्याचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

आणखी एक पेला सुटला, तो आमचा. धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या मद्याला अधिकृत परवानगी देण्याची तरतूद या अधिनियमात पहिल्यापासून आहे. आमच्या धर्मविधिसंहितेच्या कलम ९२४ नुसार मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांपासूनच झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. त्यामुळे ही सवलत नसती, तर वेदीवरचा विधीच थांबला असता. आजीला आम्ही दिलेले उत्तर कायद्याने बरोबर होते. पण तिच्या दुसऱ्या प्रश्नातील न्याय आम्हांला तेव्हा दिसला नाही. तिची धारही तिच्या पूर्वजांच्या लेखी विधीच होती. त्या विधीचा अर्थ आम्हांला मान्य नसेल. परंतु एकाचा विधी ओळखणारे आणि दुसऱ्याचा न ओळखणारे पुस्तक निःपक्षपाती आहे, असे म्हणणे कठीण आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कडक बंदी हळूहळू सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले आणि परवानाधारक दुकाने गावोगाव आली. २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आले आणि नाशिकची वाइन प्रतिष्ठित झाली. मोहाची फुले मात्र १९५० च्या नियमांत अडकून राहिली. आदिवासी बाईने आपल्याच अंगणातील झाडाची फुले ठरावीक मर्यादेबाहेर साठवणे, हा दीर्घकाळ संशयाचा विषय होता. फुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील हे निर्बंध शासनाने अखेर २०२१ मध्ये उठवले. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. सुटले ते फूल, त्यापासून गाळलेली दारू नव्हे.

एक झाड, तीन कायदे

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या एका अंगाला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश आहे. सीमेच्या तिन्ही बाजूंना मोहाचे तेच झाड, तीच भाषा आणि तेच नातेवाईक आहेत. कायदे मात्र तीन आहेत.

अक्राणीच्या डोंगरांतून नर्मदा ओलांडून मध्य प्रदेशात गेले, तर तेथील आबकारी कायद्याखाली अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरगुती व सामाजिक उपयोगासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मोहाची दारू गाळण्याची सूट आहे, विक्रीची नाही. त्या राज्याने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून बाजारात आणण्याचे धोरणही आखले. पश्चिमेला गुजरातेत १९६० पासून पूर्ण दारूबंदी आहे आणि तिचा पाया आपल्याच १९४९ च्या अधिनियमाचा आहे. तरीही सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे महाशिवरात्रीला याहा मोगी मातेच्या यात्रेत बांबूच्या टोपल्यांतून धान्य जाते आणि मोहाची धारही जाते. दोहोंच्या मध्ये महाराष्ट्र आहे. येथे दुकानातली बाटली परवान्याने कायदेशीर, तर घरातले मडके गुन्हा.

केंद्र सरकारने १९७५ च्या सुमारास आदिवासी क्षेत्रांसाठी उत्पादनशुल्कविषयक मार्गदर्शक तत्त्वे आखली. त्यांचा गाभा असा, की या भागांतील दारूची व्यापारी विक्री बंद करावी आणि आदिवासींना विधी व सामाजिक प्रसंगांसाठी घरगुती मद्याची मुभा असावी. या तत्त्वांच्या प्रकाशात आपला कायदा पाहिला, तर तो बरोबर उलटा दिसतो. जे थांबवायचे ते दुकान आहे, आणि जे सोडायचे त्यालाच बेडी आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची चार लक्षणे सांगितली आहेत. तो विवेकाचा असावा, सर्वांच्या हिताचा असावा, समाजाची जबाबदारी असणाऱ्याने केलेला असावा आणि लोकांना जाहीर केलेला असावा. त्याचबरोबर मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, तर बहुसंख्यांना टाळता येतील अशा, विशेषतः इतरांचे नुकसान करणाऱ्या, गंभीर गोष्टी थांबवाव्यात, असेही ते सांगतात. ही कसोटी लावली, म्हणजे शेवटचे लक्षण विशेष टोचते. इंग्रजीत लिहिलेला, फार तर मराठीत समजावलेला कायदा भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या आजीला कधी कोणी जाहीर केला? तिला तो भाषेतून कळला नाही. दाराशी आलेल्या काठीतून कळला.

देवीची हाक

तिसरे पुस्तक डेव्हिड हार्डिमन यांचा, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द कमिंग ऑफ द देवी' हा ग्रंथ. पश्चिम भारतातील आदिवासींच्या एका विलक्षण चळवळीचा तो इतिहास आहे. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीची साथ शांत करण्याच्या विधीतून निघालेली एक लाट १९२२ मध्ये डोंगर चढून डांगात आली. तेथून ती खानदेशाकडे आणि सोनगड-व्याराकडे पसरली. नोव्हेंबर १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत हजारो आदिवासी मांडवाखाली जमू लागले. सलाबाई या देवीचा ज्यांच्या अंगात संचार होई, त्यांच्या तोंडून आज्ञा येत. दारू आणि ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, दारूचे मक्तेदार असलेल्या पारशी जमीनदारांकडे कामाला जाऊ नका. गावेच्या गावे ऐकू लागली. दारूची दुकाने ओस पडली.

या घटनेचा अर्थ लावणे, हे हार्डिमन यांचे खरे काम. आदिवासींनी वरच्या जातींची नक्कल केली, हे सोपे स्पष्टीकरण ते नाकारतात. दारू सोडणे म्हणजे १८७८ च्या कायद्याने उभे केलेले दुकान सोडणे, उधारी सोडणे, मक्तेदाराची सत्ता सोडणे होते, हे ते सरकारी दप्तर आणि गावातील वृद्धांच्या मुलाखती यांच्या आधारे दाखवतात. गडकऱ्यांच्या प्याल्याला जो जन्म नव्हता, तो येथे मिळतो. कायद्याच्या पुस्तकात ज्याला आवाज नव्हता, तो माणूस येथे बोलतो. पुढे गांधीजींचे कार्यकर्ते त्या गावांत गेले. परंतु हाक आधीच आली होती, आणि ती खालून आली होती.

ही चळवळ सर्वत्र टिकली नाही. कित्येक लोक पुन्हा पिऊ लागले आणि व्रत पाळणारे व सोडणारे असे गट पडले. ग्रंथकार ते लपवत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. आमचा आक्षेप वेगळा आहे. ग्रंथात दारू मुख्यतः सत्तेच्या प्रश्नासारखी दिसते. ती घरात काय करते, रात्री दार कोण लावून घेते, सकाळी धान्याच्या कणगीत काय उरते, हे आमच्या मते त्यात पुरेसे येत नाही. गडकऱ्यांना जात्यावर बसलेली सिंधू दिसली. इतिहासकाराला ती कमी दिसली. म्हणून ही दोन पुस्तके एकत्र वाचायला हवीत. नाटकाला दुकान दिसत नाही आणि इतिहासाला घर अंधुक दिसते.

नंदुरबारच्या मातीत मात्र दोन्ही दिसलेली आहेत. १९३७-३८ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी भिलांना दारू सोडण्याची, स्वच्छ राहण्याची आणि एकमेकांना 'आप' असे मानाने संबोधण्याची शिकवण दिली. १९३८ मध्ये ते गेल्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेले. दारू सोडण्याच्या शिकवणीबरोबर 'आप' हा शब्द यावा, याला आम्ही फार महत्त्व देतो. ज्याला कोणी 'अहो' म्हटले नाही, त्याला आधी मान मिळाला आणि मग त्याने मडके बाजूला ठेवले. सुधाकर अपमानातून प्याल्याकडे गेला. हे लोक सन्मानातून प्याल्यापासून दूर गेले.

त्यानंतरचा अध्याय शहाद्याचा. अंबरसिंग महाराजांचे कार्य आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांमुळे भिल शेतमजूर मजुरीसाठी व गेलेल्या जमिनींसाठी जागे झाले. त्याच काळात बायका गावागावांतून दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. हा प्रसंग आमच्यासारख्या, मडक्याची बाजू घेऊ पाहणाऱ्या लेखकाला अडवतो. आजी म्हणाली होती, मडके पोलीस फोडतो. येथे मडके तिच्याच बहिणींनी फोडले होते.

तेव्हा घरगुती मडके पवित्र आणि सरकारी बाटली पापी, अशी सोपी वाटणी आम्हांला करता येणार नाही. सणाची हंडी हळूहळू रोजची होते, रोजची विक्रीची होते. मोहाची फुले महाग झाली, की गूळ आणि नवसागर येतो. पुढे व्यापारी भेसळ येते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथाइल अल्कोहोल होते. हे कारखान्यात वापरायचे विष दृष्टी घालवते आणि जीव घेते. ते मोहाच्या फुलातून आले नव्हते. पण स्वस्त दारूच्या चोरट्या बाजारात फूल आणि विष यांतला फरक पिणाऱ्याला कळत नाही.

कोणी फोडावे?

मग आजीच्या प्रश्नाचे उत्तर काय? तिन्ही पुस्तके वाचल्यावर आम्हांला असे दिसते, की मडके असावे की नसावे यापेक्षा ते कोणी ठेवायचे आणि कोणी फोडायचे, हा प्रश्न मोठा आहे. १८७८ मध्ये सरकारने महसुलासाठी फोडले, तेव्हा दुकान आले. १९२२ मध्ये लोकांनी स्वतःच्या हाकेने बाजूला ठेवले, तेव्हा दुकान ओस पडले. १९७२ मध्ये बायकांनी फोडले, तेव्हा त्यांना स्वतःच्या बळाची ओळख झाली. बाहेरच्या काठीने फुटलेले मडके दुसऱ्या दिवशी झाडीत पुन्हा मांडले जाते, आणि मध्ये फक्त हप्ता वाढतो.

कायद्यालाही हे उशिरा का होईना, कळलेले दिसते. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, ज्याला सारे 'पेसा' म्हणतात, मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी घालण्याचा, त्यांचे नियमन करण्याचा वा त्यांवर निर्बंध आणण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्यास सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. आमच्या जिल्ह्यातील नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. परवानाधारक दुकानाविरुद्ध महिलांच्या मतदानाची जी तरतूद राज्यात आहे, तिलाही लोकांनी 'आडवी बाटली' हे सुंदर नाव दिले आहे. याने घरी गाळण्याची मुभा मिळत नाही, अधिनियमातील निर्मितीबंदी तशीच उभी आहे, हे येथे पुन्हा स्पष्ट करतो. परंतु गावाने बसून ठरवण्याची एक जागा तयार झाली आहे, आणि ती फार थोड्या गावांनी मनापासून वापरली आहे. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनी ग्रामसभेला जावे. तेथे बायकांना पुढे बसवावे आणि गुत्त्याचा प्रश्न त्यांच्याच तोंडून मांडला जाऊ द्यावा. प्रवचनाने जे होत नाही, ते कदाचित तेथे होईल.

शेवटी एक अवघड गोष्ट. हे त्रैमासिक वाचणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी, वसईत, मुंबईत, पुण्यात, नाताळापूर्वी काळ्या द्राक्षांची बरणी भरली जाते. आजीची कृती, मावशीचे प्रमाण, साखर, थोडा गहू, महिनाभर झाकण. प्रेमाची परंपरा आहे ती. पण मघाशी सांगितलेली व्याख्या आठवावी. वाइन तीत आहे, घराला परवाना नाही आणि बरणीही भांडेच आहे. केरळात डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादनशुल्क विभागाने नाताळच्या घरगुती वाइनविरुद्ध इशारा दिला, तेव्हा तेथील ख्रिस्ती कुटुंबे चकित झाली. आपल्याकडे या बरणीकडे सहसा कोणी पाहत नाही. मोहाच्या मडक्याकडे मात्र पाहतात. दोहोंत फरक आहे. आंबवलेला रस सौम्य असतो, वाफेवर गाळलेली दारू तीव्र. तरीही कायद्याच्या व्याख्येत फरक नाही. फरक आहे तो आपल्या दाराच्या उंबरठ्यात. हे लिहिताना कोणाची बरणी रिकामी करण्याचा आमचा हेतू नाही. पाड्यावरच्या बाईला अटक झाल्याची बातमी वाचताना 'ही माणसे सुधारणार नाहीत' असे जे आपल्या तोंडून सहज निघते, ते निघण्यापूर्वी फडताळातली बरणी आठवावी, एवढेच मागणे आहे.

संत पौलाने आपल्या पत्रांत तिमथीला पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला आहे आणि दुसरीकडे भावाला अडखळण होत असेल तर तो वर्ज्य करण्याची तयारीही दाखवली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच मनातून आल्या. घेण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याच्याच सोडण्याला अर्थ असतो. १९२२ च्या आदिवासींनी हे पौलाचे पत्र न वाचता आचरले होते.

आजी आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे राहून गेले. आज ती पुन्हा दाराशी उभी राहिली, तर आम्ही परवानगीची गोष्ट सांगणार नाही. आम्ही तिला आधी बसायला सांगू आणि विचारू, "आजी, मडकं कोणासाठी मांडता? घरासाठी, देवासाठी की विकायला? आणि घरातल्या सुना काय म्हणतात?" कायदा तिला हे कधी विचारत नाही. आम्हीही त्या रविवारी विचारले नव्हते.